मुलीला मालिकेसाठी आठ महिने कोल्हापूरला न्यावे का?

जांबोटीची आई

नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो. माझी मुलगी अकरा वर्षांची असून सरकारी मराठी शाळेत सहावीत शिकते. गेल्या गणपतीत मंडळाने बसवलेल्या छोट्या नाटकात तिने भांडखोर आजीचे काम केले. त्यातला दीड मिनिटाचा तुकडा कोणीतरी मोबाईलवर टाकला आणि तो इतका पसरला की दोन महिन्यांत कोल्हापूरहून एका निर्मात्याच्या माणसाचा फोन आला. ऑडिशनच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि आता एका नव्या रोजच्या मालिकेत नायिकेच्या बालपणाचे काम तिला देऊ केले आहे. चित्रीकरण आठ महिने, महिन्याला साधारण वीस दिवस. राहण्याची सोय त्यांची, सोबत एक पालक. आमच्या घरात एवढे पैसे आजवर कोणी एकत्र पाहिलेले नाहीत.

माझ्या मिस्टरांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. मी मुलीसोबत गेले तर धाकट्याचे कोण बघणार, आणि ते गेले तर गॅरेज बंद, अशी आमची अडचण आहे. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. तो तुकडा पसरल्यापासून पाहुणे आले की चहाच्या आधी हिला आजीचे बोलणे म्हणून दाखवायला सांगतात. ती म्हणते, सगळे हसतात, ती आत जाते. मागच्या आठवड्यात ती धाकट्याशी खेळताना मोठ्याने हसली आणि हसता हसता तिने मान वळवून माझ्या हातात मोबाईल आहे का ते पाहिले. खालच्या प्रतिक्रिया ती मला वाचून दाखवते. ‘किती गोड’ हे सतरा जणांनी लिहिले असेल, पण तिच्या रंगावरून एकाने जे लिहिले आहे, तेवढेच तिला पाठ झाले आहे.

मास्तर म्हणतात, हजेरीचे बघू. सासरे म्हणतात, लक्ष्मी दारात आली आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी सांगावे, की यात मुलाचे नेमके काय जाते.

मागावरचा पोर

ताई, मी बेळगावातल्या शहापूरचा. आज उद्यमबागेत माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. वयाच्या नवव्या वर्षापासून साडेबाराव्या वर्षापर्यंत मी मुंबईत एका मालिकेत काम करत होतो. मालिकेचे आणि वाहिनीचे नाव लिहीत नाही, कारण त्यातली बहुतेक माणसे वाईट नव्हती आणि मला कोणाशी हिशेब करायचा नाही.

तुम्ही विचारता काय जाते. एक दिवस सांगतो. रडण्याचा प्रसंग होता आणि सकाळपासून मला रडू येत नव्हते. ग्लिसरीन घातले की डोळे लाल होत, पाणीही येई, पण चेहरा कोरडाच राही. अकरा टेक झाले. जेवणाची सुट्टी पुढे गेली, लाईटवाले कंटाळले आणि सगळ्या युनिटचे जेवण माझ्यामुळे अडले आहे हे मला नीट कळत होते. मग एक सहायक दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन बसला, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला की तुझी आई आत्ता चक्कर येऊन पडली, तिला दवाखान्यात नेले आहे, पण तू घाबरू नकोस, एवढा शॉट दे आणि मग आपण जाऊ. मी जे रडलो ते त्यांना हवे तसेच होते. कट म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॉनिटरच्या मागून माझी आई उपम्याची बशी घेऊन आली. तिला त्यांनी आधी विचारले होते आणि तिने मान हलवली होती.

आईला मी दोष देत नाही. वडिलांनी मुंबईला येण्यासाठी दोन यंत्रमाग विकले होते. गोरेगावच्या खोलीचे भाडे, बहिणीची फी, गावाकडच्या काकांचे कर्ज, सगळे माझ्या चित्रीकरणाच्या दिवसांवर चालत होते आणि ते दिवस आई कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवत असे. ज्या महिन्यात गोल कमी, त्या महिन्यात घरात आवाज कमी. मी आजारी पडलो की आधी ताप मोजला जाई आणि लगेच उद्याचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, विचारला जाई. अशा घरात मुलगा ‘मला नको’ हे वाक्य विसरतो. त्याला कोणी दम देत नाही. त्या वाक्याची किंमत त्याला ठाऊक असते, एवढेच.

मग एका शुक्रवारी मालिकेने लीप घेतली. कथा बारा वर्षे पुढे गेली आणि माझ्या जागी एक उंच तरुण आला. ही बातमी मला पहिल्यांदा स्पॉटदादाने दिली, कारण घरी सांगायचे कोणी हा प्रश्न सुटलेला नव्हता. आम्ही शहापूरला परत आलो. गल्लीत मला अजून मालिकेतल्या नावाने हाक मारत, पुढे वर्षभराने तीच हाक चिडवण्यासाठी मारू लागले. मुंबईच्या शाळेत कन्नड नव्हते, त्यामुळे इथे माझी कन्नडची बाराखडीच राहून गेली होती आणि एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीला, मी त्याच विषयात एकदा नापास झालो. टीव्हीवर दिसलेला मुलगा नापास झाला, ही बातमी वडगावपर्यंत पोचायला संध्याकाळही लागली नाही.

तुमच्या मुलीने मोबाईल आहे का ते वळून पाहिले, हे तुम्ही लिहिले आहे. मी ते वाक्य तीनदा वाचले.

हिशेबनीस, निपाणी

मी करसल्लागार आहे, वकील नाही. पण गेल्या काही वर्षांत सीमाभागातल्या दोन-तीन कुटुंबांसाठी असे करार वाचले आहेत, त्यामुळे कामाचे तेवढे सांगतो.

बालकामगारविषयक मूळ कायदा १९८६ चा आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी घातली, पण चित्रपट, मालिका आणि जाहिराती यांतल्या बालकलाकारांना, शिक्षण बुडणार नाही या अटीवर, त्यातून सूट दिली. ही सूट कशी वापरायची ते २०१७ च्या नियमांत आहे. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या पुढे जाता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. दर पाच मुलांमागे त्यांची काळजी घेणारी एक जबाबदार व्यक्ती निर्मात्याने नेमायची असते. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करवून घेता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे आणि वरचे अकरा टेक वाचल्यावर ते मुद्दाम लिहावेसे वाटले.

आता आपल्या भागातली गोम. परवानगी लागते ती जिथे चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची. मूल राहते त्या जिल्ह्याच्या नव्हे. म्हणजे तुमच्या बाबतीत बेळगावच्या डीसी ऑफिसचा, म्हणजे तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा, यात संबंध नाही, कागद कोल्हापूरचा लागेल. अर्ज आणि हमीपत्र निर्मात्याने द्यायचे असते, आणि ही परवानगी सहा महिन्यांपुरतीच असते. तुमचे काम आठ महिन्यांचे आहे, तेव्हा मध्येच ती नव्याने घ्यावी लागणार. परवान्याची प्रत हातात येईपर्यंत सही करू नका. ‘आमच्याकडे सगळे असते, तुम्ही काळजी करू नका’ असे जो म्हणतो, त्याच्याकडे बहुधा काहीही नसते, असा माझा अनुभव आहे.

मालिकांची शिफ्ट बारा तासांची असते. मुलाचे पाच तास कुठून मोजायचे, यावर सेटवर रोज वाद होतो. मेकअपच्या खुर्चीत बसल्यापासून तास मोजावेत, असे करारात लिहून घ्या.

पैशाबद्दल. मुलाच्या उत्पन्नातली किमान २० टक्के रक्कम थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत गेली पाहिजे आणि ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. या तरतुदीमागे मोठा इतिहास आहे. चार्ली चॅप्लिनबरोबर १९२१ च्या मूकपटात झळकलेला जॅकी कूगन हा अमेरिकेतला लहानगा त्या काळी लाखो डॉलर कमावत होता. सज्ञान झाल्यावर त्याने हिशेब मागितला तेव्हा आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक सगळे खर्च करून टाकल्याचे उघड झाले. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला आणि शेवटी त्याच्या हाती सुमारे सव्वा लाख डॉलर आले. त्यानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. आपल्याकडे हा विचार नियमात उतरायला २०१७ उजाडले. तोही २० टक्क्यांपुरता. उरलेले ८० टक्के पालकांच्या हातात येतात. तुम्ही स्वतः उलटे करा. तिच्या येण्याजाण्याचा आणि राहण्याजेवणाचा खर्च वजा करून बाकी सगळे तिच्या नावावर ठेवा आणि घराचा महिना गॅरेजवरच चालवा. तिच्या पैशातून एकही हप्ता सुरू करू नका, गाडीचा तर मुळीच नको.

आयकरात साधारणपणे अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, पण मुलाने स्वतःच्या कलेतून मिळवलेले उत्पन्न त्याला अपवाद आहे. त्यासाठी तिच्या नावाने पॅन काढा. ठेवीवरचे व्याज मात्र पालकाच्या खात्यात मिळवले जाईल. आणि हो, मालिकांचे पैसे बरेचदा ९० दिवसांनी येतात. पहिले तीन महिने खिशातून काढण्याची तयारी ठेवा.

कडोलीकर

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून कोणीही मूल घराबाहेर काढणार नाही. थोडे दुसऱ्या बाजूने लिहितो.

रिंकू राजगुरू ही अकलूजची मुलगी. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि गर्दीमुळे तिला नेहमीसारखे शाळेत जाणे अवघड झाले. तिने बाहेरून दहावीची परीक्षा दिली आणि ६६.४० टक्के गुण मिळवले. त्याच सुमारास त्या चित्रपटाच्या कन्नड अवतारातही तिने काम केले, तो आपल्याकडच्या थिएटरांत लागला होता. सचिन पिळगांवकर आणि महेश कोठारे हे दोघेही १९६३ पासून पडद्यावर आहेत आणि दोघांनीही पुढचे सगळे आयुष्य त्याच क्षेत्रात उभे केले. गरिबाच्या घरी गुण जन्माला आला तर तो पेटीत बंद करून ठेवायचा का?

माझ्या मते प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, मुलाच्या पाठीमागे काय आहे याचा आहे. आपल्याच राज्यातली दोन उदाहरणे घ्या. बेंगळुरूच्या झोपडपट्टीतून पळून मुंबईला गेलेल्या शफीक सय्यदला ‘सलाम बॉम्बे’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टाळ्या ओसरल्यावर पुढचे काम मिळाले नाही आणि तो बेंगळुरूला परतून रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवण्यात कमीपणा काहीच नाही. पण एवढा मोठा पुरस्कार मिळूनही पुढची वाट दाखवायला त्याच्यामागे कोणी नव्हते. दुसरा मास्टर मंजुनाथ. आगुंबेला चित्रित झालेल्या ‘मालगुडी डेज’मधला स्वामी म्हणून त्याला सारा देश ओळखत होता. त्याने तरुणपणीच अभिनय सोडला, शिक्षण पूर्ण केले आणि जनसंपर्काच्या नोकरीत गेला. परतायला घर आणि शाळा शाबूत असली की प्रसिद्धी हा बालपणातला एक प्रसंग होऊन राहतो. जांबोटीच्या ताईंचे गॅरेज चालू आहे, शाळा आहे, आजोबा आहेत. मग भ्यायचे कशाला?

मागावरचा पोर

कडोलीकर, शाबूत हा शब्द बरोबर आहे. आमचे माग विकले गेले होते.

तंबोरा

मी निवृत्त संगीत शिक्षक, टिळकवाडी. विषय अभिनयाचा असला तरी आपल्या मातीतले एक उदाहरण इथे यायलाच हवे.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकाळी हा मुलगा इतक्या लहानपणी मैफिली गाजवू लागला की एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली. ग्रामोफोनच्या तबकडीवरचे मोठ्या गवयांचे गाणे तो जसेच्या तसे गात असे आणि लोक थक्क होत. वडील त्याला गावोगाव जलशांना नेत. हाच मुलगा पुढे आयुष्यभर तसाच फिरत राहिला असता तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा. दुसऱ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाणारा मुलगा मोठा झाल्यावर कोणाला हवा असतो? ते बालपणीचे कौतुक मिशी फुटेपर्यंतच टिकते. पण अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिला आणि पुढचे दशकभर तिथे होता. ज्याला टाळ्या मिळत होत्या तो विद्यार्थी झाला, चुकू लागला, प्रश्न विचारू लागला आणि त्यातून स्वतःचे गाणे शोधू लागला. आज बेळगावातल्या रंगमंदिराला त्यांचे नाव आहे ते त्या शोधामुळे.

जुन्या संगीत नाटक मंडळ्यांतही हेच दुखणे होते. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला की कालची नायिका आज पडदा ओढायला उभी राही. मंडळी चांगली असेल तर त्या मुलाला तालीम मिळे, नाहीतर तो गावी परते. आता वर शहापूरच्या मुलाच्या मालिकेतल्या लीपबद्दल वाचले आणि वाटले, यंत्रे बदलली, बाकी तेच आहे.

एक वेगळी गोष्टही लिहिणे भाग आहे, ती अवघड आहे. १९५० च्या दशकातल्या गाजलेल्या बालकलाकार डेझी इराणी यांनी साठएक वर्षांनी, २०१८ मध्ये, जाहीरपणे सांगितले की त्या सहा वर्षांच्या असताना मद्रासच्या चित्रीकरणाच्या वेळी, पालक म्हणून सोबत गेलेल्या माणसानेच त्यांच्यावर अत्याचार केला होता. तेव्हा ताई, सोबत जायचे तर तुम्ही किंवा मुलीच्या वडिलांनी जावे. ‘आमची समन्वयक आहे, ती बघेल’ किंवा ‘लांबचा मामा कोल्हापुरातच असतो’ यावर काहीही सोडू नये. मेकअपच्या खोलीचे दार, गाडीतला परतीचा प्रवास, रात्रीचे लॉज, या तीनही ठिकाणी आपले माणूस हवे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक तिला पाठ करून द्या. निदान तो आहे हे तिला ठाऊक असावे.

कडोलीकरांशी मी अर्धा सहमत आहे. गुण पेटीत ठेवू नये, पण अकराव्या वर्षी तो रोज विकायलाही काढू नये. आठ महिन्यांच्या रोजच्या मालिकेऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या चित्रपटाचे पंधरा दिवस, किंवा बालनाट्य स्पर्धा, हे मला जास्त बरे वाटते. नाटकात तालमीला महिना मिळतो आणि चुकलेल्या पोराला सगळे मिळून सांभाळून घेतात. रोजच्या मालिकेत उद्याचा भाग आजच द्यायचा असतो, तिथे शिकवायला सवड कोणाला?

जांबोटीची आई

सर्वांचे आभार. तुमचे प्रतिसाद मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवले. उपम्याच्या बशीपाशी ते उठून बाहेर गेले.

रविवारी आम्ही तिघेच बसलो, सासऱ्यांना मुद्दाम बोलावले नाही. मुलीला सांगितले की तू नाही म्हणालीस तरी घरात कोणी रागावणार नाही, आणि हो म्हणालीस तरी ते पैसे तुझ्याच नावावर राहतील, आम्ही त्यातून काही घेणार नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की आजीचे काम तर मी एकदाच केले, तिथे रोज करायचे का? रोज तेच नाही, रोज वेगळे, असे मी सांगितले. त्यावर तिने विचारले की रडायचे असेल तर खरेच रडायचे का? मी म्हटले, नाही, आणि कोणी तुला माझ्याबद्दल काही सांगितले तर आधी मला हाक मार, मी तिथेच असेन. तिला याचा संदर्भ कळला नाही, तो मी सांगितलाही नाही.

आमचे ठरले आहे ते एवढेच, की परवान्याची प्रत मागायची, तास आणि ठेव लेखी घ्यायची आणि आठऐवजी तीन महिने होतात का ते विचारायचे. ते नाही म्हणाले तर आमचेही नाही. तो तुकडा ज्या मुलाने टाकला होता त्याच्याकडून मी काल काढून घेतला. तो आता कुठे कुठे गेला असेल देव जाणे, पण निदान गल्लीतला तरी गेला.

शेवटी उठताना मुलीने आणखी एक विचारले. शाळेचे गॅदरिंग डिसेंबरात आहे, तिच्या वर्गाचा लेझीमचा कार्यक्रम आहे आणि तिला पहिल्या रांगेत उभे केले आहे. तेव्हा मी इथे असेन का, असे तिचे म्हणणे होते. हे मला त्यांना कसे विचारावे ते कळत नाही. हसतील असे वाटते.

हिशेबनीस, निपाणी

हसू द्या. गॅदरिंगच्या दोन तारखा आणि त्याआधीचे सरावाचे चार दिवस करारात लिहून घ्या, ‘कलाकार उपलब्ध नाही’ या रकान्यात. मसुदा आला की मला दाखवा, फी घेणार नाही.